मालिकेचा राहिलेला शेवट

पालघर जिल्ह्यात स्वस्थपणाशी सर्वांत जुनं वैर कुणाचं असेल, तर ते माझ्या आतेभावाचं. वय सत्तरीकडे झुकलं, पण दादा अजून चहा उभ्यानेच पितो, जेवताजेवता उठून मालिकेचे संवाद बदलतो आणि बोईसरच्या रिक्षात बसला की पुढे वाकून रिक्षावाल्याच्या खांद्यावरून रस्ता दाखवतो. एकदा तो बिचारा वैतागून म्हणाला, "चाचा, आप ही चला लो." दादा खरोखर उतरून पुढे जायला निघाला होता!

फार वर्षांपूर्वी याच माणसाने टीव्हीसाठी एक मालिका केली, दोन पुरुषांच्या प्रेमाची. तेव्हा असलं काही मोठ्याने बोलायचीही चोरी. लोकांनी आवाज बारीक करून ती पाहिली, आणि शेवटच्या भागाआधीच वाहिनीने ती गुंडाळली. म्हातारपणी ते दोघे होडीत शेजारी बसलेले दाखवायचे होते, ते राहूनच गेलं. तेव्हापासून दादाच्या पायाला भिंगरी आहे. आता मोबाईलवर बघणाऱ्या पोरांसाठी तो ती नव्याने करतोय आणि त्यापायी आम्हा नातेवाइकांना सळो की पळो करून सोडलंय. दूधवाल्याच्या आधी याचा फोन येतो: "मिठीचा प्रसंग स्वयंपाकघरात घेऊ की गच्चीवर?" मी म्हणते, दादा, आधी मला दात तर घासू दे.

दादाचा एक मित्र आहे. नोकरी तारापूरला झाली, आता सरावलीत दादाच्याच घरी असतो. मित्र म्हणायचं, कारण त्यालाच दुसरा शब्द चालत नाही. बाजारात दादा पुढे आणि हा पिशवी घेऊन मागे, ओळख नसल्यासारखा. "लोक काय म्हणतील" हे वाक्य त्याने आयुष्यात जितकं वापरलं, तितकं मीठही वापरलं नसेल.

शेवटच्या भागाचं चित्रीकरण दादाने घाईघाईत ऐन आषाढात दातिवऱ्याला ठरवलं. तिथे होड्या सगळ्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या! "तासाभरासाठी पाण्यात ढकला," दादा म्हणाला. होडीची मालकीण कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "दर्याला नारळ दिल्याबिगर होडी पान्यात जात नाय. मालिका तुमची हाय, दर्या नाय." शेवटी वाळूतल्या होडीतच बसायचं ठरलं. एका म्हाताऱ्याचं काम दादा स्वतःच करणार होता. दुसरं करणाऱ्या नटाचा तेवढ्यात पालघरहून फोन आला: सुनेला पसंत नाही, मी येत नाही. दादा वाळूत येरझाऱ्या घालू लागला. शेवट पुन्हा राहणार, या धास्तीने त्याचा चेहरा एवढासा झाला होता.

मी होडीवालीला सगळं सांगितलं, तशी ती थबकली. "ती मालिका? आमी चोरून बगायचो. त्या दोगांचा फुडं काय झाला?"

दादाच्या येरझाऱ्या थांबल्या. आमच्याबरोबर येऊनही इतका वेळ लांब छत्रीखाली उभा असलेला दादाचा मित्र पुढे आला. त्याने छत्री माझ्या हातात दिली, चपला काढल्या, पँट दुमडली आणि अख्ख्या कोळीवाड्यासमोर होडीत चढला. "ये रे," तो दादाला म्हणाला, "माझ्या बाजूला बस."

कॅमेरा चालू झाला. त्याने दादाचा हात हातात घेतला. संहितेत हे नव्हतं. इतकी वर्षं दोघांनी हे चार भिंतींत जपलं, या विचाराने मला रडूच फुटलं. "कट" म्हणायचं काम दादाचं. तो म्हणेना, आणि आम्हा कुणालाही ते म्हणवेना.