तेरावं ब्रॅकेट

आमच्या काकांइतका पुरावा मागणारा माणूस अख्ख्या बडोद्यात झाला नसेल. हे वाक्य मी त्यांना दाखवलं असतं, तर त्यांनी कानामागची पेन्सिल काढून शेजारी ‘संदर्भ?’ असं लिहिलं असतं, आणि मला ते खोडावं लागलं असतं. ते माझे सख्खे काका नव्हेत. घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीत राहायचे. त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते असं सगळे सांगत. काका स्वतः मात्र ‘कागद सापडलेला नाही’ एवढंच म्हणत.

त्यांच्या घरात एकही छापील वस्तू कोरी नव्हती. वर्तमानपत्राच्या समासात ‘संदर्भ?’, औषधाच्या खोक्यावर ‘संदर्भ?’, आणि भाच्याच्या लग्नपत्रिकेत तर ‘श्रीकृपेकरून’ या शब्दापुढेही बारीक अक्षरात तेच. शेजारचे पटेल आजारी आहेत असं काकूंनी सांगितलं, की काका इस्पितळात जाऊन, पटेलांना भेटून, खाटेच्या पायाशी टांगलेला कागद वाचून परत येत आणि मग म्हणत, “हो, आहेत.” काकू म्हणायच्या, “तीस वर्षं संसार झालाय आपला, त्याचाही दाखला एकदा काढून ठेवा म्हणते मी.”

माझी त्यांची ओळख वाचनालयात झाली. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील बडोद्याजवळ बाजव्याला सायकली दुरुस्त करायचे. त्यामुळे छापलेलं सगळं मला खरं वाटायचं, आणि सरांनी सांगितलेलं त्याहून खरं. एका मित्राला मी कुजबुजत सांगत होतो की अमुक उपग्रह हत्तीएवढा जड होता. समोरच्या खुर्चीतून प्रश्न आला, कुठे वाचलं? सरांनी सांगितलं, असं मी म्हणालो. “सर म्हणजे संदर्भ नव्हे,” काका म्हणाले, गाव विचारून मला ‘बाजवेकर’ करून टाकलं आणि रविवारी घरी बोलावलं.

तेव्हा इंटरनेटवरचा ज्ञानकोश नवा होता, आणि तो कुणीही सुधारू शकतो ही गोष्ट मला काकांकडेच कळली. काका, माझ्या वर्गातली हेतल आणि मी, असे आम्ही तिघं दर रविवारी अवकाशावरचे लेख नीट करायला बसायचो. काका वहीत मजकूर लिहीत, मी संदर्भ शोधी, हेतल टाइप करी. इंटरनेट सुरू असेतो फोन लागत नसे, त्यामुळे काकूंच्या इंदूरच्या बहिणीला वाटायचं की या घरात आता कुणी आपल्याशी बोलत नाही. दूरदेशीच्या अनोळखी माणसांशी चंद्राच्या विवरांवरून वाद घालताना काका प्रत्येक निरोप ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू करत आणि ‘आपला आज्ञाधारक’वर संपवत. त्यातले एक सर नववीतली मुलगी निघाली. हेतल खूप हसली. काका म्हणाले, “माहिती बरोबर आहे ना? मग सरच.”

आमचा सगळ्यात लाडका लेख आपल्या देशाच्या एका सुरुवातीच्या उपग्रहाचा होता. का, ते बऱ्याच उशिरा कळलं, आणि तेही काकूंकडून. तरुणपणी काका एका छोट्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. चाचणीच्या वेळी तो उपग्रह ज्या स्टँडवर ठेवत, त्याची बारा ब्रॅकेटं काकांनी हाताने कानस मारून केली होती. तेरावं किंचित तिरकं झालं म्हणून नापास झालं. ते त्यांच्या स्वयंपाकघरात लोणच्याच्या फळीखाली होतं, भिंतीबरोबर पिवळ्या ऑइलपेंटने रंगवलेलं. मालक वारले, वर्कशॉप पाडलं, कागद रद्दीत गेले. “साऱ्या जगाचं लिहितात,” काकू म्हणाल्या, “स्वतःची एक ओळ नाही.” हेतल लगेच म्हणाली, “काका, तो आपणे लखी नाखीए ने? आपणच लिहून टाकू.” काकांनी मान हलवली. “मी केलं, मी पाहिलं. पण छापलेलं कुठे आहे? मी संदर्भ नाही.” एवढं बोलून ते उगीचच वहीला कव्हर घालायला लागले. त्यांना ती ओळ किती हवी होती, ते मला त्या कव्हराकडे बघून समजलं.

पुढे काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर स्क्रीन बंद केला. मी कॉलेजच्या लॅबमध्ये बसलो आणि ती ओळ लिहून टाकली. कुणाला सांगितलं नाही. ओळ कुणी काढली नाही. महिन्याभराने एका गुजराती वर्तमानपत्राच्या पुरवणीत बडोद्याच्या कारागिरांवर लेख आला, आणि त्यात काकांचं वर्कशॉप, बारा ब्रॅकेटं, सगळं होतं. ते कुठून आलं असेल, हे मला मनात कळत होतं. पण छापलेलं होतं, आणि मला छापलेलं खरं वाटायचं. मी कात्रण घेऊन सायकलवरून निघालो, वाटेत हेतलला घेतलं.

काकांनी नवा चष्मा लावला. काकूंना हाक मारून त्यांनी ते मोठ्याने वाचायला घेतलं. एका शब्दाशी ते थांबले. “पितळी?” त्यांनी पुन्हा वाचलं. मग स्वयंपाकघरात जाऊन फळीखालचं ब्रॅकेट खिळ्याने खरवडलं. पिवळ्या रंगाखाली पांढरं ॲल्युमिनियम होतं.

पितळ समजण्याची चूक जगात एकाच माणसाने केली असती. ज्याने ते ब्रॅकेट फक्त त्या स्वयंपाकघरात, पिवळ्या रंगात पाहिलं होतं आणि ओळीत ‘पितळी’ लिहिलं होतं, म्हणजे मी. हेतल खाली बघत होती.

“बाजवेकर,” काका म्हणाले, “ओळ तू काढतोस की मी काढू?”

“पण काका, ते खरं आहे.”

“खरं आहे म्हणूनच असं यायला नको, बेटा.”

ओळ मी काढली. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं: संदर्भ नाही. मग काकूंनी चहा ठेवला आणि आम्ही शनीच्या कड्यांचा लेख घेतला.

काका गेल्यावर मी भेटायला गेलो, तेव्हा काकूंनी त्यांच्या वह्यांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. शेवटच्या वहीत ते कात्रण होतं. ‘पितळी’ हा शब्द पेन्सिलीने खोडून वर ‘ॲल्युमिनियम’ केलेलं. समासात नेहमीचा ‘संदर्भ’ होता, फक्त प्रश्नचिन्ह नव्हतं. त्या जागी त्यांनी सही केली होती.

लेखात ती ओळ आजही नाही. मी अधूनमधून उघडून बघतो, लिहीत नाही. गेल्या दिवाळीत काकूंनी घराला रंग दिला, पण रंगाऱ्याला फळीखाली हात लावू दिला नाही. खरवडलेल्या जागी ते ब्रॅकेट अजून पांढरं दिसतं.