नाक्यावरची लेफ्टनंट

शेजारच्या पोरीला लेफ्टनंट करायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला हो?

लष्कराने तर दिला नाही. लष्कर आधी पोरांना उन्हात भाजून काढतं, मग कुठे खांद्यावर तारे चढवतं. आमच्या मुलुंडच्या नाक्यावर मंडळवाल्या बाळ सावंताने तेच काम फ्लेक्सवाल्याच्या दुकानात बसून, चहाचा ग्लास संपायच्या आत उरकलं.

गंधाली परब आमच्याच चाळीतली. बाप नंदकिशोर लेथवर कामाला, आई सुलक्षणा पोळीभाजीचे डबे देते. पोरीने पदवी घेतली, परीक्षा दिली, मुलाखत पार केली आणि एप्रिलच्या सुरुवातीला ट्रंक घेऊन लष्करी अकादमीत गेली. कॅडेट म्हणून. म्हणजे अजून शिकाऊ. पहिले आठवडे तर तिथे माणसात धरत नाहीत. केस कानावर कापायचे, जेवायलासुद्धा पळत जायचं, तापलेल्या मैदानावर पाय आपटायचे. शेवटी कवायतीची परीक्षा. जमली तर पुढचं शिक्षण, पुन्हा पुन्हा नाही जमली तर ट्रंक उचलून घरी.

ती जाऊन आठवडा झाला नसेल, बॅनर लागला. ‘लेफ्टनंट गंधाली परब, मुलुंडची वाघीण’. कॉलेजच्या ओळखपत्रातला तिचा चेहरा कापून कुठल्यातरी पुरुषाच्या गणवेशावर चिकटवलेला. मान एका रंगाची, तोंड दुसऱ्याच. आणि तीसुद्धा कोपऱ्यात, ताटात लिंबाची फोड असते तेवढी. मध्ये बाळच्या पक्षाचे साहेब हात जोडून, भोवती शुभेच्छुकांची थोबाडं. यातल्या अर्ध्यांना गंधाली कुठल्या खोलीत राहते तेही ठाऊक नव्हतं.

“बाळ, ती कॅडेट आहे रे. अजून पहिली पायरी चढली नाही.”

“किरणताय, आज ना उद्या होणारच ना? तुझं सगळ्यात खुसपट.”

“आणि हे धड कुणाचं?”

“नेटवरनं घेतलं. झकास बसलंय ना?”

अंधेरीला राहणारा गंधालीचा आतेभाऊ सुयोग. तोही तसलाच. बॅनरसमोर उभा राहून फोटो काढला आणि अकादमीचं नाव टाकून जगासमोर ठेवला. तिथल्या सीनियर कॅडेट्सनी तो बघितलाच.

पुढचं गंधालीने रविवारी फोनवर सांगितलं. त्यांना फोन रविवारीच मिळतो, तोही जरासाच. सुलक्षणाने स्पीकर लावला होता. समोर पिठाची परात, मी दारात.

“सगळ्यांसमोर मला पुढे बोलावलं गं आई. म्हणाले, या लेफ्टनंटसाहेब, आपल्यासाठी गालिचा अंथरलाय. गालिचा म्हणजे डांबरी रस्ता. त्यावर कोलांट्या मारायच्या. माझी कोपरं सोलली त्याचं काही नाही. पण तिकडे एकाची चूक ती सगळ्यांची चूक. माझ्यापायी अख्ख्या तुकडीने मारल्या. नीलम माझ्या शेजारच्या पलंगावर झोपते, तिच्या पाठीची सालं निघालीत. ती माझ्याशी बोलत नाही.”

सुलक्षणाचे हात पिठातच राहिले.

“तो बॅनर उतरव आई. रोज नवीन कोणीतरी विचारतं, साहेब, आज कुठली वाघीण? मला नाही राहायचं इथे. पण येऊ तरी कुठे? नाक्यावर मी लेफ्टनंट आहे.”

फोन कटला.

मी तशीच बाळच्या मंडळात गेले. तो कॅरम खेळत होता. सगळं ऐकलं आणि म्हणाला, “रगडा तर सगळ्यांनाच देतात. त्यातूनच घडतात ना? शिवाय साहेबांचा दौरा आहे शनिवारी. तोवर हात लावायचा नाय.”

“तुझ्या पोराची कोपरं सोल ना मग. तोपण घडेल.”

खेळणारे हसले. बाळने सोंगटी मारली. अशांशी बोलणं म्हणजे गटारात चमचा घालून ढवळणं. वास आपल्यालाच येतो.

पण मला खरा राग आला तो सुलक्षणाचा. म्हटलं चल, दोघी मिळून उतरवू. तर म्हणे, “नको गं किरण. काढला तर लोकं काय म्हणतील? परबाची पोरगी पळून आली म्हणतील.”

“मग राहू दे वर. लोकांसाठी पोरगी मरू दे तिकडे.”

जास्त बोलले. तिने माझ्या तोंडावर दार लावलं.

शुक्रवारी संध्याकाळी, नाका भरलेला असताना, ती स्टूल आणि भाजीची सुरी घेऊन एकटीच गेली. मी पोचले तेव्हा एका बाजूची दोरी तुटली होती आणि साहेब अर्धे खाली लोंबत होते. लोक मोबाइल काढून उभे. स्टूल धरायला एक पुढे येईल तर शपथ. वडापाववाल्याने विचारलंच, “काय वहिनी, पोरगी पळाली काय?”

सुलक्षणा रागावली की गावचं बोलते. वरूनच ओरडली, “पळाक नाय ती! शिकता हा अजून. तुका काय त्रास?”

मी स्टूल धरलं. बाळ धावत आला. “वहिनी, पैसे घातलेत आम्ही!”

“मान बापयाची लावलस माझ्या चेडवाक, आणि पैसे सांगतस?” पोरीला पुरुषाची मान लावली, म्हणत होती ती.

पुढच्या रविवारी फोन आला. सुलक्षणाने एवढंच सांगितलं, “काढला गं. मी काढला.”

पलीकडून गंधालीने विचारलं,

“म्हणजे आता मी नापास झाले तरी चालेल?”

“चालेल. ये घरी. डबे भरायला माणूस हवंच आहे.”

गंधाली हसली. रडल्यासारखं हसली. “मग राहते,” म्हणाली.

टोमणे काही लगेच थांबले नाहीत. पहिल्या खेपेला ती कवायतीत नापास झाली, डाव्या वळणावर टाच उचलली म्हणून. पुन्हा रोज उन्हात उभी राहिली. तेव्हा तिच्यासारखीच नापास झालेली नीलमच तिच्याबरोबर सरावाला यायला लागली. दुसऱ्या खेपेला दोघी पास झाल्या. बस, एवढंच झालंय. अजून बरंच शिक्षण बाकी आहे आणि त्यात काहीही होऊ शकतं.

आता ती सुट्टीवर येणार. आठ दिवस. बाळने ताशेवाले ठरवलेत, उघडी जीप शोधतोय. सुयोग तर कॅमेरावालाच घेऊन येणार आहे. लाज नावाची चीज यांच्या गल्लीत कधी आलीच नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. पोरगी नाक्यावरून ट्रंक घेऊन येताना दिसली तर हार आणू नका, फोटो काढू नका, लेफ्टनंट म्हणू नका. ट्रंकेची एक कडी धरा, तिच्या दारापर्यंत चला आणि गप आपल्या घरी जा.