नूर मोहम्मदची मूठ

कुबराच्या घरात नवऱ्याच्या नावानं फातिहा, मृतासाठी पढतात ती प्रार्थना, कधी झालीच नाही. मुलगा अफनान विषय काढायचा, तेव्हा ती म्हणायची, "देगची अजून उतरवलेली नाही."

ही तांब्याची जाड देगची खारबाव गावच्या घरातली. कुबराचा नवरा नूर मोहम्मद आणि त्याचे भाऊ खाडीवरून परतले की प्रत्येकानं आपल्या मासळीतली एक मूठ तिच्यात टाकायची. शेवटची मूठ पडल्याशिवाय ती चुलीवरून उतरवायची नाही, असा घरचा रिवाज होता. एका संध्याकाळी नूर मोहम्मदची मूठ पडलीच नाही. होडी सापडली, तो सापडला नाही. रस्सा करपून कोळसा झाला, तरी कुबरानं देगची हलवू दिली नाही. भिवंडीत फ्लॅट घेतल्यावर देगची करपलेली तशीच माळ्यावर गेली; कुबराच्या लेखी ती अजून चुलीवरच होती.

हफसा, कुबराची सून, ठाण्याला हॉटेलचा कोर्स करत होती. तिनं देगची काढली, कल्हई करून आणली आणि भरदुपारी गॅसवर चढवली.

कुबरा नमाज आटोपून आली ती स्वयंपाकघराच्या दारातच थांबली.

"हे काय शिजतंय?"

"चाउडर, अम्मी. दुधातलं सूप आहे."

"एवढं दाट? हे प्यायचं की चावायचं?"

हफसा हसली. "फ्रेंचमध्ये मोठ्या भांड्याला शोदिएर म्हणतात. भांड्याचं नाव आतल्या सूपाला पडलं. तिकडचे कोळी म्हणे समुद्रावरून आले की आपापल्यातली थोडी थोडी मासळी एकाच भांड्यात टाकायचे."

कुबराचा चेहरा उतरला. "आणि जो परत आला नाही, त्याच्या वाट्याची?"

"ते वर्गात नाही सांगितलं."

तेवढ्यात रश्शात काहीतरी टपकन पडलं. भांड्याजवळ कुणीच नव्हतं. दुधाच्या वासात खाडीच्या चिखलाचा वास मिसळला.

हफसानं पळी फिरवून वर काढली आणि दचकली. पळीत निवटी होती, वर आलेल्या डोळ्यांची, चिखलात उड्या मारते ती.

"अम्मी, मी फक्त कोळंबी आणि बटाटे घातलेत! निवटीला तर मी हातही लावत नाही."

नूर मोहम्मद चिखलात गुडघाभर उतरून हातानं पकडायचा त्या निवट्याच. कुबरानं बोट लावून पाहिलं. रस्सा खदखदत होता आणि मासळी थंडगार होती, आत्ताच पाण्यातून काढल्यासारखी.

तिनं ती हळूच पुन्हा रश्शात सोडली. गॅस बंद केला. पदराच्या टोकांनी कडा धरून देगची एकटीनंच खाली उतरवली.

"अफनानला फोन कर," ती म्हणाली. "म्हणावं, येताना मौलवीसाहेबांना फातिहा पढायला घेऊन ये. तुझे अब्बा आले."