जगलेल्या लेकराचं अंगडं

आष्ट्यात मनुबाई दारात दिसल्या की बायका मुकाट्यानं ट्रंक उघडत. पैसा नको, धान्य नको. बाईंना हवी असत तान्ह्या पोरांची जुनी अंगडी-टोपडी, आणि तीही जगलेल्या पोरांची. कुणी टाळाटाळ केलीच, तर उंबऱ्यावर बसून त्या तिच्या माहेरापर्यंतचा उद्धार करत.

याला कारण होतं. त्यांची पहिली तीन मुलं वर्षाच्या आतच गेली. चौथ्यावर मरणाची नजर पडू नये म्हणून ते जन्मल्याबरोबर केरावर ठेवलं, नाव केरबा ठेवलं आणि पाच घरची मागून आणलेली अंगडी घातली. तो जगला, पलटणीत भरती होण्याएवढा झाला. मागून आणलेल्या कपड्यावर बाईंचा देवापेक्षा जास्त विश्वास बसला तो तेव्हापासून.

केरबा लढाईवर गेला आणि त्यांना घर खायला उठलं. आटपाडीकडच्या कोरड्या माळावर मेंढपाळांची पोरं पटापट मरतात असं कानावर आलं होतं. बाईंनी तिकडं वाटण्यासाठी अंगड्यांची गाठोडी बांधायला घेतली. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बजावलं, कपड्यांतून रोग पसरतो, प्रत्येक कपडा उकळून घ्या. दीड वर्ष बाईंनी ते इमानानं पाळलं.

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात गल्लीतल्या विजयमालेनं एक तांबडं अंगडं आणून दिलं. तिचा मुलगा नुकताच देवीच्या आजारातून उठला होता.

"आत्या, ह्ये इस्तवाला दावू नगा. आईचा कोप हुईल."

मनुबाईंना पटलं. देवी आलेल्या घरात फोडणीसुद्धा देत नाहीत, मग हे अंगडं चुलीवर कसं चढवायचं? शिवाय देवीतून वाचलेल्या पोराचं अंगडं, त्याच्याएवढं गुणाचं दुसरं कुठलं असणार? नर्सबाईंना कळू न देता त्यांनी ते तसंच गाठोड्याच्या तळाशी घातलं.

आटपाडीपल्याडच्या वस्तीवर दगडाबाईची दोन पोरं गेली होती. तिसरी मुलगी आठ दिवसांची होती. मनुबाईंनी ते अंगडं स्वतःच्या हातानं तिला चढवलं.

"ही न्हाई जायची," त्या म्हणाल्या.

महिन्याभरानं त्या पुन्हा गेल्या. दगडाबाई दारात बसली होती, मांडी रिकामी.

"देवी आली, आत्या. आमच्या वस्तीवर कुनालाच नव्हती. पैली माझ्या पोरीला, मग समद्यास्नी. माझी गेली, मागनं आनि तीन गेली."

मनुबाई तिच्या शेजारी बसून रडू लागल्या. रोग कुठून आला हे त्यांना सांगायला आता नर्सबाई लागत नव्हत्या. चार पोरं आपण मारली, हे त्यांच्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. त्यांची हिंमतच झाली नाही.

उलट दगडाबाईच त्यांची समजूत घालू लागली. "रडू नगासा. अंगडं गुनाचंच हुतं. माझंच कपाळ फुटकं."

"कुटं हाय त्ये?"

"बिराप्पाच्या सुनंला दिलं की, पल्याडच्या वस्तीवर. परवा लेक झालाय तिला. तिची बी जगत न्हाईत."

गाठोडं तिथंच टाकून मनुबाई निघाल्या. पन्नाशीची बाई, उन्हात अर्धा कोस माळ पळाली. दोनदा पडली. पोचल्या तेव्हा बाळंतीण छपराच्या सावलीत बसली होती, आणि तांबडं अंगडं घातलेलं पोर तिच्या कुशीत दूध पीत होतं.

अंगडी वाटणाऱ्या आत्या म्हणून बिराप्पानं त्यांना ओळखलं. त्यानं सुनेला खूण केली. तिनं पोर हलकेच दुधावरून काढलं आणि मनुबाईंच्या पायांवर ठेवलं.