चार इंग्रज पोरं आणि अण्णांची बैठक

बनशंकरीतल्या आमच्या घरी दर रविवारी सकाळी रेकॉर्ड ऐकायची बैठक भरते. नाट्यगीतं, अभंग, ठुमऱ्या. गाणी ऐकून माणसं घरी जातात, किस्से मात्र आमच्याकडेच राहतात! त्यातले निम्मे तर एकाच रविवारचे आहेत.

समीर पुण्याचा, महादेवपुऱ्यात आयटीत. या कानडी शहरात हक्काने जावं असं त्याचं एकच घर, आमचं. त्या दिवशी स्वारी इंग्लंडच्या कुठल्याशा ब्लूज-रॉक बँडचा पहिलावहिला अल्बम छातीशी धरून आली.

आमच्याकडे नवी रेकॉर्ड माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, पटली तरच कपाटात जाते. नाहीतर आणणाऱ्याबरोबर परत!

समीर स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "वहिनी, ही परत न्यायला लागली ना, तर मी इथे तोंड दाखवणार नाही."

"आधी कॉफी घे," मी म्हटलं. पण पोर रेकॉर्ड काही खाली ठेवेना.

*

पहिलं गाणं सुरू झालं. अण्णा डोळे मिटून बसले.

"ताल कुठला?"

"फोर-फोर, अण्णा."

"म्हणजे केरवा!"

झालं! सगळी बैठक मांडीवर केरवा धरून बसली. ड्रमर बिचारा एकटा पडला.

*

गिटारचा एक लांबलचक तुकडा संपला आणि मागून कुलकर्णीकाका गरजले, "वन्समोअर!"

वन्समोअर आला की आमच्याकडे तो द्यावाच लागतो. समीरने सुई उचलून मागे ठेवली. तुकडा संपला. "वन्समोअर!" परत सुई. परत काका!

पहिली बाजू संपेपर्यंत इडल्या गार झाल्या.

*

अण्णांची बहीण कुसुमअक्का. तिला शब्द कळल्याशिवाय गाणं गोड लागत नाही.

"हा एवढा कळवळतोय का रे?"

"त्याची बायको सोडून गेली, अक्का."

पुढचं गाणं. "आता काय झालं?"

"ही पण गेली."

चौथ्या गाण्याला अक्काने चष्मा काढला. "सगळ्याच कशा जातात? ह्याचंच काहीतरी चुकतंय, सांगून ठेवते!"

मग थोड्या वेळाने हळूच, "त्याच्या जेवणाचं कोण बघतं पण?"

*

तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारचे मूर्ती अंकल. समीरने धावत जाऊन आवाज कमी केला.

"सॉरी, सॉरी अंकल!"

"अय्यो, सॉरी कशाला? स्वल्प जास्ती माडी, थोडा वाढवा आवाज! आमच्या बाल्कनीत गिटार नीट येत नाही."

आणि चपला काढून ते सतरंजीवर येऊन बसलेसुद्धा.

*

या सगळ्यात अण्णा मात्र गप्प. ना वाहवा, ना नापसंती. समीरचं गाण्याकडे लक्षच नव्हतं, तो नुसता त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता. मला त्याची फार दया आली.

शेवटचं गाणं लागलं. संथ. एक गिटार आणि एक आवाज, बस्स. ते संपलं तेव्हा कुणी हललं नाही. समीरने रेकॉर्ड उचलली आणि मुकाट्याने कव्हरमध्ये घालायला लागला.

आमची बैठक संपते ती अण्णांच्या भैरवीने. अंगात ताप असला तरी ते ती म्हणतात. त्यांनी सवयीने पेटी पुढे ओढली, भाता उघडला, सुरांवर बोटं ठेवली. मग भाता मिटला आणि पेटी झाकली.

कुसुमअक्का म्हणाली, "अण्णा, गा की!"

अण्णा म्हणाले, "भैरवी झाल्यावर परत कुणी गातं का?"