मळला होता म्हणून

...नाही, आधी दोरीचं लिही. दोरीवर एकच शर्ट होता. इतिहास मंडळाच्या मागच्या अंगणात, दोन चिमट्यांनी लटकवलेला. आणि मधली पायरीवर बसून बाह्या वाळल्या का ते बघत होती. मधली म्हणजे माझी मधली बहीण, तुझी मधली आजी. तिचं खरं नाव घरात कधी कुणी घेतलं नाही, आता कागदावर कशाला घ्यायचं.

जिल्ह्याचं इतिहास मंडळ म्हटलं की तुला वाटेल मोठं म्युझियम. तसलं काही नाही गं. पाणीखात्याची जुनी दुमजली इमारत आहे ती. खाली नकाशे आणि शाळांचे हजेरीपट, वर बांधून ठेवलेली वर्तमानपत्रं, आणि मागच्या खोलीत लोकांनी आणून दिलेल्या वस्तू. टपालाचा काटा, न्हाव्याची खुर्ची, तीन पायांचं एक टेबल. चौथा पाय कुणाच्या घरी आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण तो देत नाही.

मधली तिथे साफसफाईला. आठ वर्षं झाली होती. हवेतली ओल ओढणारं एक यंत्र आहे, त्याची टाकी रोज सकाळी ओतायची, लाद्या पुसायच्या, खिडक्या पुसायच्या. वस्तूंना मात्र पाणी नाही. पांढरे हातमोजे घालायचे, कोरडा मऊ ब्रश घ्यायचा, आणि चिटणीसबाई सांगतील तेवढंच झटकायचं. चिटणीसबाई म्हणजे मंडळ चालवणाऱ्या. आठ वर्षांत मधलीच्या हातून एक टाचणी इकडची तिकडे झाली नव्हती. एक निवृत्त मोजणीदार तिथे रोज येऊन बसायचे, हद्दवाले काका. शेजारच्या जिल्ह्यातला एक ओढा मुळात आपलाच आहे हे सिद्ध करायला ते अकरा वर्षं नकाशे उलगडत होते. कुणालाच चांगलं म्हणायचे नाहीत, पण मधलीला म्हणायचे, डॉक्टरने नाडी धरावी तसा ही बाई ब्रश धरते.

म्हणून म्हणते, तिला नियम माहीत नव्हता असं नाही.

आता थोडं मागे जाऊ. आदल्या वर्षी तिचा नवरा गेला. नऊ दिवस दवाखान्यात, दहाव्या दिवशी खाट रिकामी. तिथल्यांनी त्याचे कपडे पिशवीत घालून हिच्या हातात दिले. घरी आली आणि कुणी यायच्या आत तिने ते भिजवले, धुतले, वाळत टाकले. मी पोचले तेव्हा बादली उपडी करत होती. संध्याकाळच्या गाडीने तिची लेक आली, तुझी मावशी. आल्या आल्या बाबांचा शर्ट कुठे म्हणाली. शर्ट दोरीवर ठिबकत होता. पोरीने त्यात तोंड खुपसलं. नुसता साबण. मग आईकडे बघून ती एवढंच बोलली, "तुला एवढी कसली घाई होती?"

मधली बादली उचलून आत गेली. दोन दिवसांनी पोर परत गेली, ती गेलीच. फोन उचलेना. हिनेही नंतर करायचा सोडला.

तेव्हापासून मधली चालायची, बोलायची, वेळेवर कामाला जायची, पण आत कुणी नाही. रडलीसुद्धा नाही. मध्ये तिची दाढ काढली. दातांच्या डॉक्टरने सुई टोचून विचारलं, बधिर झालं का? तर म्हणाली, कधीचंच. मला हसू आलं तिथे. ती हसली नाही.

मग मंडळात दगडखाणीचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. गावाबाहेरची खाण अडतीस वर्षांपूर्वी ढासळली होती, सात माणसं गेली. ज्याच्याकडे जे असेल ते आणून द्या, असं मंडळाने कळवलं. कुणी पहारी आणल्या, कुणी डबा आणला. एक वयस्कर बाई कागदाच्या पिशवीत शर्ट घेऊन आल्या. त्यांच्या नवऱ्याचा, त्या दिवशी अंगात होता तो. दगडाच्या पांढऱ्या भुकटीने पार पुठ्ठ्यासारखा झालेला, आणि छातीवर हात पुसल्याची पाच बोटं. चिटणीसबाईंनी पावती दिली, शर्टाला क्रमांक दिला, मागच्या खोलीत टेबलावर कागद अंथरून त्यावर ठेवला. सोमवारी खोका करू म्हणाल्या आणि घरी गेल्या.

शनिवार होता. मधलीने लाद्या पुसल्या, टाकी ओतली. टेबलापाशी आली, शर्ट दिसला. पुढचं ती मला सांगते ते असं, की हात आपोआप तिकडे गेले. हातमोजे काढलेलेही तिला आठवत नाहीत. अंगणातल्या नळाखाली बादली लावली, साबणाची वडी घेतली, कॉलर घासली. तीन पाण्यांतून काढला. पहिलं पाणी दुधासारखं होतं म्हणाली.

सोमवारी तिने आपणहून सांगितलं. इस्त्री केलेला शर्ट टेबलावर, आणि ही शेजारी उभी. चिटणीसबाई खुर्चीत बसल्या. ओरडल्या नाहीत बिचाऱ्या. म्हणाल्या, "अगं, ती धूळच तर ठेवायची होती. शर्ट काय, दुकानात मिळतो."

खिशाच्या शिवणीत चिमूटभर राहिली असेल म्हणून त्यांनी भिंग घेऊन पाहिलं. नव्हती. मधली नीट धुते.

तिथे एक पत्रक असतं. वस्तूला काही झालं, तुटली, फुटली, कसर लागली, की ते भरायचं, आणि भरलेलं पुन्हा खोडायचं नाही. काय झालं, कधी झालं, कुणाच्या हातून, आणि शेवटी, कारण. तीन रकाने चिटणीसबाईंनी भरले. चौथा तू सांग म्हणाल्या, मी लिहिते. मधली गप्प. मंगळवारी विचारलं, गप्प. बुधवारी विचारलं, अळीमिळी गुपचिळी. हद्दवाले काकांनी सुचवलं की चुकून म्हणा आणि मोकळ्या व्हा. ती म्हणाली, चुकून नाही. शेवटी चिटणीसबाई म्हणाल्या, गुरुवारी त्या बाईंना बोलावते, त्यांना तू सांगायचंस. त्या काय म्हणतील त्यावर कार्यकारिणी ठरवेल तुला ठेवायचं की नाही. मधलीने मान हलवली. त्या रात्री माझ्याकडे जेवायला होती. नोकरी जाईल गं, मी म्हटलं. जाईल, म्हणाली, आणि ताट धुवायला उठली.

गुरुवारी त्या बाई आल्या. शर्ट बघून आधी त्यांना ओळखूच येईना. मग उचलला, नाकाशी नेला.

"कुणी धुतला?"

"मी."

"का?"

"मळला होता म्हणून," मधली म्हणाली. चिटणीसबाईंनी मान खाली घातली. मग मधली पुढे बोलली, टाकी किती भरली ते सांगावं तशा आवाजात. "माझ्या नवऱ्याचाही धुतला. तो गेला त्याच दिवशी. लेक बोलत नाही."

बाई बसल्या. पाणी मागितलं, अर्धं प्यायल्या. मला खूप राग आलाय, म्हणाल्या, आणि तो जाणार नाही. मधली बरं म्हणाली. मग त्या शर्टाची घडी घालत घालत, मधलीकडे न बघता म्हणाल्या, "त्याचा वास दुसऱ्याच वर्षी गेला होता. पुढं मी नुसती धूळ हुंगायचे, आणि त्याचा वास म्हणायचे. कुणाला सांगितलं नाही. तुमच्या लेकीला सांगा. ठेवला असता तरी गेलाच असता."

निघताना त्या चिटणीसबाईंना बोलल्या, ती म्हणते तेच कारण लिहा. आणि हिला काढू नका, माझ्या नावावर ते नको. तसंच लिहिलं गेलं. शर्ट आता काचेच्या पेटीत आहे, स्वच्छ, इस्त्रीचा, आणि खाली पाटीवर लिहिलंय, धूळ होती, मळला होता म्हणून धुतला. लोक वाचतात आणि पुढच्या पहारी बघायला जातात.

मधली अजून तिथेच आहे. त्या पेटीची काच पुसते, टाकी ओतते. लेकीला सांगितलंस का म्हणून मी चारदा विचारलं. ती फोन उचलत नाही म्हणते. आणि उचलला तरी माझ्याच्याने होणार नाही, म्हणते.

म्हणून तुझ्याकडून लिहून घेतलं बाळा. तू सुट्टीत मावशीकडे जाशील तेव्हा हा कागद तिच्या हातात दे. टेबलावर ठेवून येऊ नकोस, हातात दे. नाहीच घेतला, तर तोंडी एवढं सांग, की वास दुसऱ्याच वर्षी जातो. खाणीतल्या माणसाची बायको म्हणाली म्हणून सांग.