पंचाची उलटतपासणी

सिद्धारामआप्पांचं कटलरीचं दुकान बीड जिल्ह्यात चौसाळ्याच्या अलीकडं एका फाट्यावर, पोलीस चौकीच्या अगदी समोर होतं. जागा घेताना त्यांना वाटलं, चोराचिलटांचं भय राहणार नाही. भय नव्हतंच, पण आजूबाजूला कुठंही चोरी झाली, की चौकीतले जमादार दारातून हाक मारायचे, "आप्पा, जरा सही करायला या." असे आप्पा पंच झाले. दारू पकडली, पंच आप्पा. चोरीची म्हैस सापडली, पंच आप्पा. बहुतेक वेळा ती म्हैस त्यांनी पाहिलेलीही नसायची. पंचनामा चौकीत लिहून तयार असायचा आणि सहीवर चहा मिळायचा. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण दुकानाचा निम्मा माल सरकारी रस्त्यावर मांडलेला असायचा.

पुढं कधीतरी बीडच्या कोर्टाचं समन्स यायचं. आप्पा धुतलेली टोपी घालून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहायचे आणि पाठ केलेलं म्हणायचे, "पंचनाम्यातला मजकूर बरोबर आहे, खाली सही माझी आहे." कपाळावरच्या विभूतीमुळं ते खरंही वाटायचं. तरी आरोपीचा वकील उठला, की त्यांची नजर दाराकडं जायची.

दोन हजार पाच साली ते असेच तारखेला गेले. धुळाजी नावाच्या माणसाच्या गोठ्यात विहिरीवरची चोरीची मोटार सापडली, ती आप्पांच्या समक्ष जप्त झाली, असा कागद होता. पुकारा जेवणाच्या सुट्टीनंतर होणार होता, म्हणून आप्पा स्टँडजवळ लेकीकडं गेले. शिवांजली तिथं कॉम्प्युटरचा क्लास चालवायची. पोरं जेवायला गेली होती. तिनं वडलांना एका पडद्यासमोर बसवलं.

"आप्पा, बगा, कोर्टाचाच खेळ हाय. तुमी आरोपीचे वकील."

"सकाळधरनं कोर्टातच बसलोय की, माय."

खेळातली माणसं चित्रातली होती. फारशी हलत नव्हती, नुसती बोलत होती, आणि त्यांचं बोलणं खाली इंग्रजीत उमटत होतं. शिवांजली ते मराठीत सांगत गेली. कुण्या शेटजीचा खून झाला होता, माळ्यावर आळ होता आणि एक मिशाळ सराफ साक्ष देत होता, "गल्लीतल्या दिव्याच्या लख्ख उजेडात मी माळ्याला ओळखलं."

"आता ह्याला उलटे प्रश्न विचारा," शिवांजली म्हणाली.

"कावून? चांगलं बोलायलाय की. बिचाऱ्याला पोलिसांनी धरून आणलं असंल."

"आप्पा, माळी फासावर जाईल!"

आप्पांनी नाइलाजानं पुराव्यातला चाकू दाखवला. चुकलं. पडद्यावरचे न्यायाधीश खेकसले, तसे आप्पांचे हात आपोआप जोडले गेले. मग त्यांनी सगळा पुरावा पुन्हा वाचून घेतला. त्यात वीज कंपनीची चिठ्ठी होती.

"थांब! त्या वक्ताला गल्लीत लाइटच न्हवती म्हन की! मग ह्यानं काय बगितलं?"

शिवांजलीनं बटण दाबलं. पडदा हादरला, वकिलानं बोट रोखलं, सराफ घामाघूम झाला. आप्पांनी टेबलावर अशी थाप मारली, की पाण्याचा गिलास कलंडला. "लई खोटारडा निघाला बे!" असं ते लेकीसमोर बोलून गेले.

त्याच भरात ते कोर्टात परतले. मजकूर बरोबर, सही माझी, हे म्हणून झालं. आरोपीचे वकील मोहनराव सुस्तावले होते.

"तुम्ही पोलिसांच्या सांगण्यावरून खोटं बोलताय?"

"न्हाई."

"सही दबावाखाली केली?"

"न्हाई."

मोहनराव खाली बसू लागले. आप्पांना ते बघवेना.

"वकीलसाहेब, बसताय कावून? कागदावर टाइम काय हाय बगा. सांजचे आठ. ट्यूबलाइटच्या उजेडात मोटारीचा नंबर वाचला म्हनून लिवलंय. त्या वक्ताला आमच्याकडं रोज लोडशेडिंग असती!"

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग नंबर तुम्ही वाचलात कसा?"

आपण कोणत्या बाजूचे, हे आप्पांना तेव्हा आठवलं. पण फार उशीर झाला होता.

"साहेब, म्या गोठ्यात गेलतोच न्हाई."

सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला आणि साक्षीदार फितूर झाल्याचं कोर्टाला सांगितलं. पुढं धुळाजी निर्दोष सुटला. पेढे घेऊन दुकानात आला आणि पाया पडून हळूच म्हणाला, "मोटार म्याच आनलती, आप्पा. पर तुमच्यावानी साक्षीदार न्हाई पायला."

जमादारांनी साक्षीच्या दुसऱ्याच दिवशी रस्त्यावरचा माल आत घ्यायला लावला होता. पंच म्हणून आता पानटपरीवाल्या गहिनीनाथला हाक जाऊ लागली. तो ऐटीत रस्ता ओलांडायचा आणि आप्पा बांगड्या पुसत बघत राहायचे.

"सुटलात की एकदाचे," त्यांची बायको शिवकांता म्हणाली.

"त्या गहिनीनाथला कोर्टात धड हुबं तरी ऱ्हाता येतं का?" आप्पा फणकारले.

करमेना, तेव्हा ते तारीख नसताना बीडला गेले आणि त्यांनी शिवांजलीला खेळातला दुसरा खटला लावायला सांगितला. यात एक म्हातारी फुलवाली साक्षीला होती. आप्पांनी तिला वाक्यावाक्याला अडवलं, होता नव्हता तेवढा पुरावा तिच्यापुढं टाकला. म्हातारी ढिम्म. न्यायाधीश चिडले आणि खटला हातचा गेला.

"हिला धरायचं कुठं, माय?"

"तिला न्हाई धरायचं, आप्पा. ती खरंच बोलायलीय."

आप्पांनी उठून टोपी झटकली.

"पोलिसांनी आनलेला साक्षीदार आन् खरं बोलतो? काईबी दाखवत्यात," ते म्हणाले आणि फाट्याकडं जाणारी गाडी गाठायला निघाले.